जोखमीचं गरोदरपण आणि माहेरी जाणं: इंदूर सोडण्याआधी काय करायचं

सातव्या महिन्यात डोहाळजेवण उरकलं की नाशिक-जळगावकडे माहेरी निघायची रीत इंदुरातल्या मराठी घरांत अजून आहे. बीपी, साखर किंवा आरएच निगेटिव्ह रक्तगट असेल तर घोटाळा नेमका याच दिवसांत होतो. 24 ते 28 आठवड्यांतली साखरेची तपासणी आणि आरएच निगेटिव्ह आईला 28व्या आठवड्यात द्यायचं अँटी-डी इंजेक्शन दोन गावांच्या मधे अडकतं. इथल्या डॉक्टरांना वाटतं तिकडे होईल, तिकडच्यांना वाटतं झालं असेल.

दोन्ही इथेच उरका. 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायल्यावर दोन तासांनी रक्त द्यायचं. साखर 140 किंवा वर आली तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. अँटी-डी 300 मायक्रोग्रॅमचं. त्याआधी इनडायरेक्ट कूम्ब्ससाठी (आईच्या रक्तात आरएचविरोधी अँटीबॉडी आहेत का हे पाहणारी तपासणी) रक्त काढून घ्या, कारण इंजेक्शननंतर ही तपासणी फसवी पॉझिटिव्ह येऊ शकते. बाळ आरएच पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर 72 तासांत पुन्हा डोस लागतो. आधीचा घेतला म्हणून हा टळत नाही.

फाइलमध्ये पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी सगळ्यांत वर ठेवा. बरेच जण ताजी तेवढीच नेतात. बाळंतपणाची तारीख त्या पहिल्या सोनोग्राफीवरून पक्की होते. शेवटच्या महिन्यांतल्या मापांवरून ती दोन-तीन आठवडे चुकू शकते, आणि वाढ खुंटलेलं बाळ ‘दिवस कमी असतील’ म्हणून नजरेतून सुटतं.

औषधं मूळ नावाने आणि डोससकट लिहून घ्या, ब्रँड तिकडे मिळेलच असं नाही. इन्सुलिन फिजिशियन वाढवतात आणि बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरांना पत्ता नसतो, म्हणून शेवटचा बदल कोणी, कधी केला तेही टिपा.

माहेरच्या हॉस्पिटलला निघण्याआधीच फोन करून विचारा: रात्री भूलतज्ज्ञ येतात का, रक्त किती वेळात मिळतं, किती आठवड्यांपासूनचं बाळ एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) सांभाळतात? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरं हॉस्पिटल बघा. पोहोचल्यावर आठवड्याच्या आत तपासणी हवी. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी केंद्रांवर ती मोफत होते. आधीचं सिझेरियन असून वार (प्लासेंटा) गर्भाशयात खाली असेल, तर आमच्या मते माहेरचा हट्ट सोडावा.

बीपी पाठ टेकून, पाच मिनिटं शांत बसून मोजा. दोनदा 140/90 आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. 160/110, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, रक्तस्राव किंवा बाळाची हालचाल मंदावणं यांपैकी काहीही झालं तर थेट हॉस्पिटल गाठा. 108 दोन्ही राज्यांत चालतो.