इंग्लंडात रानससे बघायला जाताय? मग हे माहीत असू द्या

लिंकनशायर, केंब्रिजशायर, नॉरफोक साइडला राहत असाल तर ससे बघायला लांब जायला नको. फेब्रुवारी-मार्चमध्ये गहू वीतभरच असतो तेव्हा पहाटे नाहीतर दिवस कलताना शेतांतून जाणाऱ्या सार्वजनिक पायवाटेवरून (पब्लिक फुटपाथ) शेताच्या कडेकडेने सावकाश चालायचं, वारा तोंडावर घ्यायचा, आणि ८x४२ ची (आठपट मोठं दाखवणारी) दुर्बीण असली की झालं. सुरुवातीला नुसती ढेकळंच दिसतात. एखाद्या ढेकळावर दुर्बीण लावून थांबा, कानांची काळी टोकं दिसतील, मग तो पिवळसर डोळा. हा रानससा, म्हणजे ब्राउन हेअर, बिळात राहतच नाही, उघड्यावर उथळ खळग्यात अंग चोरून बसतो.

दोघं मागच्या पायांवर उभे राहून ठोसे मारताना दिसले तर बहुतेक वेळा त्यातली एक मादी असते, मागे लागलेल्या नराला हाकलणारी. आणि गवतात एकटं पिल्लू दिसलं तर प्लीज उचलू नका, आईने टाकलेलं नसतं ते, ती दिवसातून एकदाच अंधार पडताना दूध पाजायला येते.

आता खरं महत्त्वाचं. पिकं निघाली की पार मार्चपर्यंत टोळ्या शेतात गाड्या घालतात, सशामागे लर्चर, ग्रेहाउंड असे वेगवान शिकारी कुत्रे सोडतात आणि कुठला कुत्रा भारी यावर पैसे लावतात, फोनवर लाइव्ह दाखवूनसुद्धा. यालाच हेअर कोर्सिंग म्हणतात. शेतकऱ्याने अडवलं तर त्याला धमक्या. २००४ च्या हंटिंग ॲक्टने हे बंद केलंय, २०२२ च्या कायद्याने तर सहा महिन्यांपर्यंत जेल, कितीही दंड आणि कुत्रे पाळायला बंदीही होऊ शकते, तरी चालूच आहे. म्हणून फोटो खुशाल टाका पण शेताचं, गावाचं नाव नको, फोनमधलं लोकेशनही बंद करा, या लोकांना आयता पत्ता कशाला द्यायचा?

शेताच्या गेटपाशी दोन-तीन फोर-बाय-फोर उभ्या, बारीक लांब पायांचे कुत्रे आणि माणसं ओळीने रान उठवत चाललीयत असं दिसलं तर जवळ जाऊ नका, व्हिडिओ काढायला तर मुळीच नको. बाजूला होऊन ९९९ (तातडीचा नंबर) लावा, "हेअर कोर्सिंग चालू आहे" असंच स्पष्ट सांगा, व्हॉट-थ्री-वर्ड्स (जागा तीन शब्दांत सांगणारं ॲप) चे तीन शब्द द्या, नंबरप्लेट लांबून दिसली तर तीही. सगळे निघून गेलेत आणि नुसते टायरचे माग, तुटलेलं गेट दिसतंय, तर १०१ (तातडी नसेल तेव्हाचा पोलिसांचा नंबर).