तान्ह्या बाळाचा मेनिंजायटिस: मान ताठ होण्याची वाट पाहू नका, या चुका टाळा

मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२-४३ वर गेला आणि बाळ तापून दूध टाकायला लागलं, की घरात कुणीतरी म्हणतंच, "ऊन बाधलंय." बऱ्याचदा ते खरंही असतं. पण मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाला आलेली सूज, सुरुवातीला अशीच दिसते. दात येताहेत म्हणून सोडून देणं तर फारच वाईट. दातांमुळे चढा ताप येत नाही.

सगळ्यात मोठी चूक मानेची. "मान वळतेय ना, मग काही नाही" असं समजू नका. दीड वर्षाच्या आतल्या बाळाची मान बऱ्याचदा ताठ होतच नाही. महिन्याच्या आतलं बाळ तर तापण्याऐवजी गारही पडतं.

त्यापेक्षा टाळू पाहा. रोज टाळू भरणाऱ्या आजीच्या हाताला ती नेहमी कशी लागते हे ठाऊक असतं, म्हणून तिला आधी विचारा. अंगातलं पाणी कमी झालं की टाळू खोल जाते. मेंदूभोवतीचा दाब वाढला की फुगून टणक लागते. रडताना ती निरोगी बाळाचीही वर येते, म्हणून बाळ शांत असताना, उभं धरून चाचपा. मात्र सपाट लागली म्हणून निर्धास्त राहू नका, विशेषतः उलट्या होत असतील तर. आणखी एक खूण मला फार महत्त्वाची वाटते: उचलून घेतलं की बाळ जास्त किंचाळतं, खाली ठेवलं की शांत होतं.

मेडिकलमधून आणलेलं अँटिबायोटिक परस्पर देऊ नका. दिलंच असेल तर बाटली डॉक्टरांना दाखवा. त्या औषधामुळे तपासणीत जंतू सापडत नाहीत आणि निदान अडतं.

पाठीतलं पाणी काढू द्यायला लोक घाबरतात, "पाय जातील" म्हणतात. तान्ह्या बाळाचा मज्जारज्जू कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या आसपास संपतो आणि सुई त्याच्या खाली घालतात. त्या पाण्यातल्या पेशी, साखर, प्रथिनं बघूनच आजार जिवाणूचा, विषाणूचा की टीबीचा याचा अंदाज येतो. टीबीचा असेल तर तो बहुतेकदा काही आठवड्यांत हळूहळू वाढतो, म्हणून घरात कुणाला टीबी असेल तर लाजू नका, सांगा.

झटका आला तर कांदा हुंगवत बसू नका, तोंडात चमचा घालू नका. बाळाला कुशीवर वळवा, १०८ ला फोन लावा आणि रात्रीचे दोन वाजले असले तरी सिव्हिल गाठा.