जहाजावर जायच्या आधी फर्स्ट एडचा कोर्स करताय? या चुका टाळा

सोलापुरात पाणी म्हणजे सिद्धेश्वर तलाव, फार तर हिप्परगा, नाहीतर उजनी. तरी मी सुट्टीवर आलो की गल्लीतलं कुणी ना कुणी पोरगं येतंच, "दादा, मर्चंट नेव्हीला जायचंय, ते फर्स्ट एडचं सर्टिफिकेट कुठनं काढू ओ?" या 'काढू' शब्दातच निम्मी गडबड आहे. उत्पन्नाचा दाखला काढल्यासारखं हे काढायला जातात आणि फसतात.

मागच्या सुट्टीत एकजण कारखान्यातल्या एक दिवसाच्या प्रथमोपचार शिबिराचा कागद घेऊन आला. लॅमिनेशनसुद्धा करून आणलं होतं. तो कागद कारखान्यापुरता ठीक आहे. जहाजावर एसटीसीडब्ल्यू या खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार झालेलं प्रशिक्षण लागतं. करार १९७८ चा, २०१० साली मनिलात त्यात मोठ्या सुधारणा झाल्या. आपल्याकडे हे प्रशिक्षण डीजी शिपिंगची, म्हणजे केंद्र सरकारच्या जहाज खात्याची, मान्यता असलेल्या संस्थेतच करावं लागतं. त्यासाठी मुंबई, नवी मुंबई किंवा पुण्याचा रस्ता धरा. फी भरण्याआधी डीजी शिपिंगच्या वेबसाइटवर संस्थेचं नाव बघा, आणि तिला नेमक्या त्याच कोर्सची मान्यता आहे का तेही बघा. "घरबसल्या देतो, यायची गरज नाही" म्हणणाऱ्याचा नंबर तिथल्या तिथे ब्लॉक करा.

भलताच कोर्स गळ्यात पडणं

यात तीन पायऱ्या आहेत. एलिमेंटरी फर्स्ट एड, म्हणजे ईएफए, ही पहिली. ती बेसिक सेफ्टी ट्रेनिंगचा भाग आहे आणि खलाशालाही लागते. मेडिकल फर्स्ट एड ही पुढची, ज्याच्यावर प्रथमोपचाराची जबाबदारी सोपवली जाते त्याच्यासाठी, म्हणजे मुख्यतः अधिकाऱ्यांसाठी. मेडिकल केअर त्याहून वरची, ज्याच्या ताब्यात जहाजाचा दवाखाना असतो त्याच्यासाठी. नवख्या पोराला मेडिकल केअर विकणारे एजंट मी पाहिलेत. त्याहून वाईट म्हणजे जीपी रेटिंगला, म्हणजे साध्या खलाशाच्या कोर्सला, प्रवेश घेतलेल्या पोराकडून ईएफएचे वेगळे पैसे घेणं. त्या सहा महिन्यांच्या कोर्समध्ये बेसिक सेफ्टीचे हे कोर्स आलेलेच असतात. आणि नोकरी लावून देतो म्हणून खलाशाकडून पैसे घेणं हेच मुळात नियमाबाहेर आहे. एजन्सीकडे आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा सरकारी परवाना आहे का, एवढं विचारलं तरी बऱ्याच जणांचा आवाज बदलतो.

दर पाच वर्षांनी रिफ्रेशर लागतो तो पाण्यात जीव वाचवण्याच्या आणि आग विझवण्याच्या कोर्सला. ईएफएला एसटीसीडब्ल्यूत तशी अट नाही. "तुझं फर्स्ट एड एक्स्पायर झालंय" असं कुणी म्हणालं तर घाबरू नका.

नावाचं स्पेलिंग हे आपल्या गावाचं खास दुखणं. घरी मराठी, शेजारी तेलुगू, पलीकडे कन्नड. एकाच आडनावाची दहावीला एक, आधारला दुसरी, पासपोर्टला तिसरी तऱ्हा. इंडोस नंबर, म्हणजे खलाशाचा सरकारी ओळख क्रमांक, काढण्याआधी ते एकसारखं करून घ्या. सर्टिफिकेट हातात पडलं की नाव, जन्मतारीख, इंडोस तिथेच तपासा. सोलापूरला परत आल्यावर चूक दिसली, तर पुन्हा सिद्धेश्वर एक्सप्रेसचं तिकीट.

डॉक्टर असेल की तिथे

नसतो. शंभर किंवा जास्त माणसं आणि तीन दिवसांपेक्षा लांबचा आंतरराष्ट्रीय प्रवास असेल तरच जहाजावर डॉक्टर सक्तीचा आहे. मालवाहू जहाजावर आम्ही वीस-बावीस जण. आपले डॉ. कोटणीस १९३८ साली बोटीनेच चीनला गेले, पण तसा माणूस प्रत्येकाच्या बोटीवर कुठून येणार? सेकंड ऑफिसर किंवा कॅप्टन बघतो आणि किनाऱ्यावरच्या डॉक्टरचा सल्ला घेतो. रोमची सीआयआरएम ही संस्था १९३५ पासून असा सल्ला फुकट देते. तिकडचा डॉक्टर तुमच्या शब्दांवर चालतो. "लई दुखतंय" एवढ्याने त्याला काही कळत नाही. कधीपासून, नेमकं कुठे, नाडी किती, श्वास किती, काय खाल्लं, हे घड्याळ बघून लिहायची सवय कोर्समध्येच लावा.

सगळ्यात जीवघेणी चूक

टाकीत पडलेल्या माणसाच्या मागे उडी मारणं. बंद टाकीत लोखंड गंजतं आणि तो गंज हवेतला ऑक्सिजन खातो. एरवी हवेत तो सुमारे २१ टक्के असतो. तिथे इतका कमी होतो की आत गेलेला माणूस एक-दोन श्वासांत कोसळतो. वास नाही, धूर नाही. गावाकडे विहिरीत इंजिन लावून गाळ काढताना एक पडतो, त्याला काढायला भाऊ उतरतो, मग तिसरा, अगदी तसंच. आपली माणसं मायाळू, म्हणून जास्त धोका. आधी अलार्म द्या, तोंडाशी थांबा, श्वसनयंत्र लावलेली टीम येऊ द्या. आणि भिंतीवरचा ईईबीडी, म्हणजे आणीबाणीत पळून जाण्याचं छोटं श्वसनयंत्र, चढवून आत जाऊ नका. तो बाहेर पळण्यापुरताच असतो, सुटकेच्या कामाचा नाही. "ईईबीडी घालून आत जायचं का?" असं वर्गात विचारलं की अजून अर्धे हात चुकीच्या उत्तराला वर जातात.

बुडालेल्याला उलटं धरून किंवा पोट दाबून पाणी काढायची आपल्याकडची रीत विसरा. श्वास बंद असेल तर आधी तोंडाने श्वास द्या, मग छाती दाबा. भाजलं तर वीस मिनिटं वाहतं पाणी; हळद, टूथपेस्ट, बर्फ यातलं काही नको. थंड समुद्रातून काढलेल्याला आडवाच उचला, ओले कपडे काढून कोरडं पांघरूण घाला. हातपाय चोळू नका आणि दारू तर मुळीच पाजू नका.

छाती दाबणं मात्र नुसतं वाचून येत नाही. भाचा कोर्सला निघाला, तेव्हा मी दोन सोलापुरी चादरी घट्ट गुंडाळून फरशीवर ठेवल्या. आधी तो गादीवरच करायला बसला होता. गादी खाली जाते, छाती दबतच नाही, म्हणून बंकवरच्या माणसालाही खाली घ्यायचं. "मामा, जोर किती?" पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस, तीस दाबून दोन श्वास. कोपरं वाकवलीस तर नुसते हात दमतील, खांद्यातून वजन टाक. दर वेळी छाती पूर्ण वर येऊ दे. पहिल्या दोन फेऱ्या झकास गेल्या. चौथीला कोपरं वाकली, कपाळावर घाम. बहीण दारातून म्हणाली, "अरे, जेवा आता, भाकरी गार व्हायलीय." दोन मिनिटांनी दाबणारा माणूस बदलायचा असतो, हे त्याला तेव्हा सांगितलं आणि चादरीसमोर मी गुडघे टेकले.