टोल्यावर नेट न्यायचंय? मग सर्व्हे श्रावणात करा

मे महिन्यात सिग्नलच्या वाटेचा सर्व्हे करू नका. हे सगळ्यात आधी सांगते, कारण आमच्या बचत गटाचे पैसे तिथंच बुडणार होते.

आमचा टोला, म्हणजे छोटी वस्ती, गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात, ग्रामपंचायतीपासून दोन किलोमीटर आत. फायबर पंचायतीपर्यंत. पुढे रेडिओची जोडी, म्हणजे बिनतारी नेट पाठवणारी-घेणारी दोन यंत्रं, लावून सिग्नल आणायचा बेत होता. मे मध्ये टोल्यावरच्या पाण्याच्या टाकीवर चढून पाहिलं, पंचायतीचं छत लख्ख दिसलं. दिसणारच ना बाप्पा, सागाला एक पान नव्हतं! मिरग लागला, पानं सुपाएवढी झाली अन् नेट गेलं. या रेडिओच्या ५.८ गिगाहर्ट्झच्या लहरी ओल्या पानांपुढे हात टेकतात. समोरचं टोक दिसलं म्हणजे झालं, असंही नाही. एवढ्या अंतरात मधोमध दोन रेडिओंमधल्या सरळ रेषेभोवती चहूकडून तीन मीटर तरी मोकळं लागतं. शेवटी रेडिओ उंच न्यायला टाकीवर वीस फुटांचा पाइप चढवला. झाड एकही तोडायचं नाही, ही ग्रामसभेची अट होती.

या लहरींना वेगळा परवाना लागत नाही. पण घरचं कनेक्शन घेऊन गावभर पैशानं वाटू नका. त्यासाठी डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली पीएम-वाणी ही सरकारची सार्वजनिक वायफाय योजना आहे. त्यात किराणा दुकानही पीडीओ, म्हणजे वायफाय विकणारं केंद्र, होतं. लायसन नाही, नोंदणी नाही, फी नाही. ग्राहकाची पडताळणी अन् हिशेब पीडीओए, म्हणजे अशा अनेक पीडीओंना जोडणारी कंपनी, बघते. कनेक्शनवाला महागडा व्यावसायिक प्लॅन गळ्यात मारू लागला तर ट्राय या दूरसंचार नियामकाचा २०२५ चा आदेश पुढे करा: २०० एमबीपीएसपर्यंतच्या फायबर प्लॅनला पीडीओकडून घरगुती दराच्या दुपटीहून जास्त घेता येत नाही.

वर्गणी धानाचा चुकारा आल्यावर मागा. पोळ्याआधी मागाल तर माणूस तोंड चुकवतो, मग वर्षभर तुमच्याशी नीट बोलत नाही. जमलेला पैसा आधी अर्थिंगला लावा, मग वेगाला. उंच पाइप म्हणजे विजेला आवतण. जमिनीत सळई, कोळसा-मीठ, जाड तार, अन् आभाळ गडगडलं की रेडिओचा प्लग काढायला टाकीजवळच्याच घरातलं कोणी नेमा. रेडिओ-राउटर मिळून फार वीज खात नाहीत, लाइट गेली तरी छोट्या इन्व्हर्टरवर भागतं.

नेटचं कुपन छोटं ठेवा, दहा रुपयांचं. शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायच्या दिवसांत पोट्टे दुकानासमोर अंगणातच बसतात, तेव्हा तिथं एक बल्ब जास्तीचा लावा.

अन् केबल लोखंडी पाइपातून न्या. आमची वानरांनी दोनदा सोलली.