प्रोटीनच्या चार लेव्हल्स घोकू नका, हिमोग्लोबिन घेऊन बसा

बारावीला, नीटला सगळे प्रोटीनच्या रचनेच्या चार लेव्हल्स, म्हणजे प्रायमरी, सेकंडरी, टर्शरी, क्वाटर्नरीच्या व्याख्या रट्टा मारतात आणि पेपरात नेमके मधल्या दोनात अडकतात. त्यापेक्षा एकच प्रोटीन धरा आणि खालून वर चढत जा.

आधी युनिप्रॉटवर (प्रोटीनच्या माहितीची वेबसाइट) जाऊन माणसाच्या हिमोग्लोबिनची बीटा चेन काढा, फुकट आहे. व्हॅलिन, हिस्टिडिन, ल्युसिन, थ्रिओनिन, प्रोलिन, ग्लुटामिक ॲसिड... अशी १४६ अमिनो ॲसिडची पेप्टाइड बॉन्डने जोडलेली ओळ, ही झाली प्रायमरी. तिथे १४७ दिसतील, सुरुवातीचं मेथिओनिन पण मोजलेलं असतं, ते पेशीत नंतर कापलं जातं, सो ते सोडून मोजा.

आता सेकंडरी, मार्क जातात ते इथेच. हायड्रोजन बॉन्ड असतो तो बॅकबोनच्याच (चेनच्या मुख्य कण्याच्या) सीओ आणि एनएच गटांमध्ये, साइड चेनचा (अमिनो ॲसिडच्या बाजूला लोंबणाऱ्या गटाचा) काही संबंध नाही. अल्फा हेलिक्समध्ये (चेनचं गोल जिन्यासारखं वळण) एका वेढ्याला ३.६ अमिनो ॲसिड बसतात आणि प्रत्येकाचा सीओ पुढच्या चौथ्याच्या एनएचला पकडतो. आणि हो, बीटा चेन म्हणतात म्हणून त्यात बीटा शीट (शेजारी शेजारी ताणलेल्या पट्ट्या) शोधू नका, हिमोग्लोबिनमध्ये शीट नाहीच, सगळा कारभार हेलिक्सचा.

साइड चेन आल्या की टर्शरी. पाण्याला टाळणाऱ्या साइड चेन आत दडतात, चेनची घडी पडते आणि हीमसाठी (ऑक्सिजन पकडणारा लोहवाला भाग) खिसा तयार होतो. अशा दोन अल्फा चेन, दोन बीटा चेन एकत्र आल्या की क्वाटर्नरी. मायोग्लोबिनला (स्नायूंमधलं ऑक्सिजन साठवणारं प्रोटीन) एकच चेन, म्हणून त्याला ही लेव्हल नाही.

डोळ्यांनी बघायचं तर पीडीबीवर (प्रोटीनच्या थ्रीडी रचनांची वेबसाइट) हिमोग्लोबिनचा कोड 4HHB टाका, थ्रीडी व्ह्यूमध्ये चेनप्रमाणे रंग द्या, चार तुकडे वेगळे दिसतात.

मग सिकल सेल आजार घ्या, आपल्या विदर्भात, नंदुरबारकडे बरेच पेशंट आहेत. बीटा चेनमध्ये सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन, बदल फक्त एवढाच. चार चेन नीट जुळतात, घडीही जवळपास तीच, पण ऑक्सिजन सुटला की बाहेर आलेलं ते व्हॅलिन शेजारच्या हिमोग्लोबिनच्या खाचेत बसतं, एकाला एक चिकटत लांब दोऱ्या बनतात आणि लाल रक्तपेशी कोयत्यासारखी वाकते. म्हणून मुळात कोणती लेव्हल बदलली असं विचारलं तर प्रायमरी लिहा, दोऱ्या बघून क्वाटर्नरी लिहू नका.