घरच्या घरी जेट स्की दुरुस्ती: कोणती खास हत्यारं घ्यायची, कोणती करून घ्यायची

मे संपता संपता तारकर्ली, नागाव, काशीदच्या किनाऱ्यावरचे जलक्रीडेचे खेळ बंद होतात. मशिनी पाण्याबाहेर येतात आणि सप्टेंबरपर्यंत कुणाच्या पडवीत, कुणाच्या मागच्या मांडवात पडून राहतात. दुरुस्ती करायची ती याच दिवसांत. पण घरातली पान्यांची पेटी घेऊन बसलं की तासाभरात अडतं, कारण या मशिनीत निम्मं काम मोटरसायकलचं आणि निम्मं होडीचं आहे. दुसऱ्या अर्ध्यासाठी लागणारी हत्यारं गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाहीत.

इंटरनेटवर जेट स्कीच्या खास हत्यारांच्या लांबलचक याद्या असतात. त्या बघून खरेदी करू नका. आपल्या किनाऱ्यावर मशीन सगळ्यात जास्त बिघडते ती वाळू, जाळ्याचे तुकडे आणि मीठ यांच्यामुळे. तेव्हा आधी धुण्याची सोय, मग पंपाची हत्यारं, मग इंजिनाची, आणि कॉम्प्युटरचं सामान सर्वांत शेवटी. पैसा याच क्रमाने घाला.

पहिली पायरी: मॅन्युअल आणि स्टँड

मॉडेल आणि वर्ष पाहून त्या मशिनीचं सर्व्हिस मॅन्युअल मिळवा. मालकाला मिळतं ते छोटं पुस्तक पुरत नाही. बोल्ट किती टॉर्कने (पिळण्याच्या जोराने) आवळायचा, कुठल्या आट्याला कुठलं लॉकटाइट (आटे धरून ठेवणारा चिकटद्राव) लावायचं आणि कुठले आटे उलटे आहेत, हे सर्व्हिस मॅन्युअलमध्येच असतं. यामाहाच्या बऱ्याच मॉडेलांत इंपेलरला, म्हणजे पाणी मागे फेकणाऱ्या पंपातल्या पंख्याला, उलटे आटे असतात, सी-डू या ब्रँडच्या मशिनींत सहसा सुलटे. हे न बघता पान्याला पाइप लावून जोर केला, तर सुटायचं राहिलं बाजूला, इंपेलर आणखी आवळला जातो.

मशिनीचं वजन साधारण दोनशे ते चारशे किलो असतं. चार माणसं लावून ती विटांवर चढवता येते, पण खाली हात घालून काम करायला ती जागा धोक्याची आहे. लाकडी तुळयांचा पाळणा करून घ्या, वर जुन्या टायरची पट्टी ठोका, आणि मागचा भाग मांडीच्या उंचीवर येईल असं बघा. पंपाचं काम नेहमी मागूनच असतं. मशीन कलवायची वेळ आली तर आधी मागच्या बाजूचं स्टिकर वाचा. कोणत्या दिशेने फिरवायची याचा बाण त्यावर असतो. उलट्या बाजूने कलवली तर एक्झॉस्टमध्ये साचलेलं पाणी इंजिनात उतरतं.

काम सुरू करण्याआधी सीट काढून पाच-दहा मिनिटं तशीच उघडी ठेवा, पेट्रोलची वाफ जाऊ द्या. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा आणि किल्ली किंवा लॅनयार्ड (निघाली की इंजिन बंद पाडणारी, चालकाने अंगाला अडकवायची दोरी) खिशात ठेवा. पंपात हात असताना लॅनयार्ड मशिनीला लावलेली असता कामा नये. इथे सबब चालत नाही.

दुसरी पायरी: धुण्याची जोडणी

बागेच्या नळीला जोडायचं फ्लशिंग अडॅप्टर हे सगळ्यात स्वस्त खास हत्यार, आणि याच्याइतका पैसा वाचवणारं दुसरं नाही. आपल्या मशिनीची तोटी कुठल्या मापाची आहे ते बघून क्विक कनेक्टर घ्या.

क्रम पाठ करा. आधी इंजिन सुरू, मग पाणी सुरू. बंद करताना आधी पाणी बंद, मग इंजिन बंद. इंजिन बंद असताना पाणी चालू राहिलं तर ते एक्झॉस्टमधून मागे चढून सिलिंडरपर्यंत पोचू शकतं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे पुढच्या स्टार्टला कनेक्टिंग रॉड वाकायची पाळी येते. दुसरीकडे, पाण्याशिवाय इंजिन पंधरा सेकंदांहून जास्त चालवू नका. म्हणजे नळाजवळ एक माणूस आणि बटणाजवळ एक, असं दोघांचं काम आहे. आयडलवर तीनेक मिनिटं पुरतात. पाणी बंद केल्यावर थ्रॉटलला एक-दोन हलके झटके द्या, पाइपातलं उरलेलं पाणी बाहेर पडतं.

सी-डूचं इंजिन बंद कूलंटवर चालतं, म्हणून धुवायची गरज नाही असं पुष्कळजण सांगतात. पण तिचा एक्झॉस्ट बाहेरच्याच पाण्याने थंड होतो. मीठ तिथे साचतंच.

तिसरी पायरी: रोजची हत्यारं, पण नेमकी

यामाहा आणि कावासाकी जपानी मशिनी. त्यांचे चौफुली स्क्रू जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या मापाचे असतात. आपला नेहमीचा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर त्यात पूर्ण बसत नाही, सटकतो आणि डोकं खातो. जेआयएसचे दोन-तीन स्क्रूड्रायव्हर घ्या. मोटरसायकलच्या कार्ब्युरेटरवर काम करणाऱ्यांना हे दुखणं जुनंच आहे.

ॲल्युमिनियममध्ये बसलेला स्टेनलेसचा बोल्ट खाऱ्या हवेत जाम होतो, हे गृहीतच धरा. हातोडीने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर, आत झिरपणारं तेल आणि लहान गॅस टॉर्च ही तिकडी लागते. तेल आदल्या रात्री मारून ठेवा. टॉर्च पेटवायची तर मशिनीपासून सुट्या केलेल्या भागावरच. पेट्रोलची टाकी असलेल्या सांगाड्यावर ज्योत नको. परत लावताना प्रत्येक आट्याला अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारा लेप), मरीन ग्रीस किंवा निळं लॉकटाइट, यांपैकी मॅन्युअल सांगेल ते लावा.

सी-डूवर पाइपांना कानवाले ओएटिकर क्लॅम्प असतात. ते एकदा कापले की गेले, आणि नवे बसवायला त्यांची खास चिमटा-पकड लागते. पकड स्वस्त आहे, घेऊन टाका. या क्लॅम्पऐवजी साधा स्क्रूचा क्लॅम्प लावणारे भेटतील, पण रबरी बुटावर (शाफ्टभोवतीच्या रबरी नळीवर) तो सगळीकडे सारखा दाब देत नाही आणि तिथूनच पाणी झिरपायला लागतं.

टॉर्क रेंच दोन हवेत: एक लहान मापाचा, एक मोठा. एकाच रेंचने सगळं भागवायला गेलं की लहान बोल्टचे आटे मरतात.

चौथी पायरी: पंप. खरं काम इथे आहे

लक्षण ओळखू येतं. थ्रॉटल दिला की इंजिन ओरडतं, आरपीएम चढतो, पण मशीन पुढे ढकलली जात नाही. बहुतेक लोक इंजिनाला दोष देतात. आधी खालची जाळी बघा. नायलॉनचा दोर किंवा जाळ्याचा तुकडा शाफ्टला गुंडाळलेला असतो, आणि घर्षणाने वितळून तो इतका घट्ट बसतो की हाताने ओढून निघत नाही. यासाठी लांब दांड्याचा आकडा आणि आकड्यासारखी वाकडी पाती असलेली सुरी ठेवा. आकडा गावातला लोहार करून देईल.

दोर नसेल तर फट मोजा. इंपेलरच्या पात्याचं टोक आणि भोवतालची वेअर रिंग यांच्यातलं अंतर अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेरच असतं. वाळूचं पाणी खेचून खेचून ते वाढतं आणि पाणी मागे जाण्याऐवजी पात्याच्या कडेने परत फिरतं. मोजायला लांब पात्यांचा फिलर गेज लागतो, गाडीचे व्हॉल्व्ह सेट करायचा छोटा गेज आतपर्यंत पोचत नाही. प्रत्येक पात्याजवळ मोजा, इंपेलर हाताने फिरवत चार ठिकाणी मोजा, आणि आकडे वहीत लिहा. एकाच बाजूला फट जास्त निघाली तर रिंग नाही, बेअरिंग संशयित आहे.

आता पंप उतरवायचा. आधी सगळ्याचे फोटो काढा. स्टीअरिंगची आणि रिव्हर्सची केबल सोडा, पाण्याचे पाइप सोडा, मागचं नोझल काढा, मग पंपाचे मुख्य बोल्ट. दोन भागांत पातळ शिम (फट भरणाऱ्या पत्र्याच्या चकत्या) निघाले तर कुठल्या बोल्टखाली कुठला होता हे चिकटपट्टीवर लिहून तिथेच लावा. पंप नुसता ओढून येत नसेल तर रबरी हातोडीने दोन्ही बाजूंना हळूहळू ठोका. फटीत पेचकस घालून उचकटू नका, तिथला पृष्ठभाग सपाट राहिला नाही तर पुढे हवा खेचली जाईल.

इथे खास हत्याराशिवाय पुढे जाता येत नाही. सी-डूमध्ये लांब शाफ्ट मशिनीतच राहतो आणि इंपेलर पंपाबरोबर बाहेर येतो. त्याच्या पोटात दाते असतात, त्यांत बसणारं स्प्लाईन टूल घालून मागच्या बाजूने पंपाचा शाफ्ट धरायचा आणि फिरवायचं. यामाहात शाफ्ट पंपाबरोबर येतो, त्याच्या टोकाचे दाते धरणारा होल्डर लागतो. दोन्ही टूल मॉडेलनुसार वेगळी असतात, तेव्हा मागवताना दात्यांची संख्या आणि व्यास मोजून घ्या.

सी-डूच्या टूलवर कोकणातल्या मिस्त्री लोकांना पटेल असा उपाय आहे. त्याच मॉडेलचा भंगारातला शाफ्ट शोधा, दात्यांकडचा वितभर तुकडा कापून घ्या आणि लेथवाल्याकडून त्यावर मोठा नट वेल्ड करून आणा. झालं टूल. विकतच्यापेक्षा ते दिसायला ओबडधोबड असेल, पण दाते कंपनीचेच आहेत, त्यामुळे बसतं मापात.

जे करायचं नाही ते म्हणजे पात्यांच्या मध्ये पहार अडकवून इंपेलर फिरवणं. पातं वाकतं, नाहीतर मागच्या स्थिर पंखांपैकी एखादा तुटतो. आटे लॉकटाइटने धरले असतील तर इंपेलरच्या मधल्या भागाला थोडी ऊब द्या. मात्र बेअरिंगचं सील रबराचं आहे, हे लक्षात ठेवून.

इंपेलर हातात आला की पात्याची पुढची कड बोटाने तपासा. लहान खाचा बारीक कानशीने दोन्ही बाजूंनी सारखं घासून काढता येतात. कड दुमडली असेल किंवा पातं वळलं असेल तर घरी ठोकू नका, तो दुरुस्तीला पाठवा. सी-डूची वेअर रिंग प्लॅस्टिकची असते आणि घरी बदलता येते. जुनी हॅक्सॉच्या पात्याने आतून हलकेच कापायची, बाहेरच्या घराला चर पडू न देता. नवी रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा, सुरमईच्या शेजारी चालेल. थंडीने ती किंचित आकसते आणि सरळ सरकते. वाकडी बसवलीत तर पहिल्याच फेरीत इंपेलर तिला खरवडेल.

पंपाचं बेअरिंग आणि सील बदलायला प्रेस आणि मापाचे ड्रायव्हर लागतात. वर्षातून एकदा लागणारी ही वस्तू विकत घेण्यात अर्थ नाही. पंप पिशवीत घालून प्रेस असलेल्या वर्कशॉपमध्ये न्या.

परत जोडताना दात्यांना भरपूर मरीन ग्रीस लावा, आणि पंप व सांगाडा यांच्या मधली सीलंटची ओळ कुठे तुटू देऊ नका. ती तुटली तर पंप पाण्याबरोबर हवाही ओढतो, आणि नव्या रिंगेसह तेच जुनं लक्षण परत हजर.

पाचवी पायरी: तेल आणि कॉम्प्रेशन

गाडीसारखं खालून नट उघडून तेल काढता येत नाही, कारण खाली बंद सांगाडा आहे. डिपस्टिकच्या नळीतून तेल ओढणारा हातपंप घ्या. इंजिन आधी धुण्याच्या पाण्यावर थोडं गरम करा, थंड तेल बारीक नळीतून येत नाही. किती तेल निघालं ते मोजून मगच नवं घाला. निघालेलं तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. अशा वेळी फक्त तेल बदलून मशीन बाजूला ठेवू नका. स्पार्क प्लग काढून इंजिन फिरवा आणि पाणी बाहेर फेकू द्या, सिलिंडरमध्ये फॉगिंग ऑइल (गंज रोखणारा तेलाचा फवारा) मारा आणि तेल स्वच्छ येईपर्यंत पुन्हा बदला. खारं पाणी असेल तर हे त्याच दिवशी.

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजायचा गेज घेताना १०, १२ आणि १४ मिमी आट्यांचे अडॅप्टर सोबत आहेत का बघा. मोटरसायकलच्या दुकानातला गेज चालतो. प्लग खोल विहिरीत असतात, म्हणून पातळ भिंतीची, आत रबर किंवा चुंबक असलेली गोटी हवी. तपासताना कॉइल आणि इंजेक्टरची जोडणी काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा. आकडा किती आला यापेक्षा सिलिंडरांमध्ये फरक किती आहे ते महत्त्वाचं. दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर इंजिन उघडायची तयारी ठेवा.

सहावी पायरी: कॉम्प्युटरचं सामान

यामाहाची वायडीआयएस, सी-डूची बड्स, कावासाकीची केडीएस अशा बिघाड तपासायच्या तिघांच्या वेगवेगळ्या प्रणाली आहेत. एक मशीन असेल तर हे घेऊ नका. बऱ्याच नव्या मशिनींचे फॉल्ट कोड डिस्प्लेवरच दिसतात. सी-डूची नवी किल्ली जोडायची असेल तर मात्र प्रणालीशिवाय इलाज नाही. पाच-सहा मशिनी चालवणाऱ्यांनी मिळून एक संच घेतला तर तो परवडतो.

पाण्यात उतरवताना

पहिली चाचणी कमरेच्या वरच्या पाण्यात करा. उथळ पाण्यात इंजिन सुरू केलंत तर तळाची वाळू सरळ नव्या रिंगेत जाईल. तळाचे ड्रेन प्लग लावलेत का ते ढकलण्याआधी हात लावून बघा. किनाऱ्याजवळ दहा मिनिटं हळू चालवा, बाहेर आणा, सीट उघडा आणि बॅटरीच्या टॉर्चने तळ बघा. शाफ्टच्या सीलपाशी ओल असेल तर बूट आणि क्लॅम्प तपासा, पंपाच्या बाजूने असेल तर सीलंटची ओळ. कोरडा असेल तर पुन्हा उतरवा, या वेळी थ्रॉटल पूर्ण द्या आणि आरपीएमचा आकडा वहीत फटीच्या मापांखाली लिहून ठेवा. पुढच्या मेमध्ये तोच लागणार आहे.