स्वाहिलीत विनंती कशी करावी: शेवटचा स्वर सांभाळा

‘क्रियापदाला ताफाधाली (कृपया) जोडा, झाली विनंती’ हा सल्ला सर्रास दिला जातो. तो मनावर घेऊ नका. टांझानियात काय, केनियात काय, सौजन्य आधी क्रियापदाच्या रूपात दिसावं लागतं.

साधी आज्ञा सोपी आहे. कुसोमा (वाचणे) मधला ‘कु’ काढला की सोमा, म्हणजे ‘वाच’. अनेकांना सोमेनी. न्जोओ (ये), नेन्दा (जा) आणि लेते (आण) ही वेगळी रूपं पाठच करा.

एक गोष्ट मराठी माणसाने विशेष जपायची. आपलं ‘बसा’ अनेकांना चालतं, तसं एकट्या मोठ्या माणसालाही. स्वाहिलीतला ‘नी’ फक्त संख्या सांगतो, आदर नाही. एकट्या आजोबांना केतीनी म्हणू नका. आधी शिकामोओ (वडीलधाऱ्यांना करायचं आदराचं अभिवादन) म्हणा, मग ताफाधाली केती (कृपया बसा).

खरी गोची पुढे आहे. ‘वाचावंस’ म्हणायचं तर आधी उ (तू) लावा आणि शेवटच्या आ चा ए करा: उसोमे. अनेकांना म्सोमे. ‘मला’ आणायचं असेल तर नि धातूच्या अगदी लगत बसतो. कुसाइदिया (मदत करणे) पासून उ-नि-साइदिए, ‘मला मदत करावीस’. हा क्रम हलत नाही. आणि नि आला की साध्या आज्ञेतही ए हवाच: ‘मला दे’ म्हणजे निपे. निपा हे चूकच, तरी नवखे हटकून तेच म्हणतात. अरबीतून आलेली रुदी (परत ये), जिबू (उत्तर दे), सुबिरी (थांब) ही क्रियापदं मात्र शेवट बदलत नाहीत, म्हणून उनिसुबिरी. कुला (खाणे) साध्या आज्ञेत आपला कु ठेवतं, इथे मात्र सोडतं: उले.

नकारासाठी उसि, अनेकांना म्सि: उसिसोमे, म्सिसोमे. आज्ञा असो की विनंती, नकार हाच. हापाना (नाही) पुढे ठेवून काम भागत नाही.

दुकानात, हॉटेलात नाताका (मला पाहिजे) व्याकरणाने बरोबर असलं तरी अनोळखी माणसाला कोरडं लागतं. नाओम्बा (विनंती करतो) वापरा. नाओम्बा माजी, म्हणजे पाणी द्याल का. पूर्ण वाक्य हवं तर नाओम्बा उनिलेतेए चाइ, ‘माझ्यासाठी चहा आणावा’. इथेही शेवटी ए आहे, तो गिळू नका.

जोर जवळजवळ नेहमी शेवटून दुसऱ्या स्वरावर द्या. सोमा मध्ये तो ‘सो’वर असतो, सोमेनी मध्ये ‘मे’वर जातो.